जनावरांच्या गुंगीच्या औषधाची भेसळ: बेशुद्ध माणसाजवळ पहिल्या तासात काय करावे

खुराला जखम झालेल्या बैलाला झायलाझीनचे इंजेक्शन दिले की काही मिनिटांत त्याची मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, तोंडातून लाळेची तार लोंबू लागते आणि थोड्याच वेळात तो गुडघे टेकून बसतो. गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी भागात गुरांचा डॉक्टर म्हणून काम करताना मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की त्या लाळेच्या तारेवरून औषध कितपत चढले याचा अंदाज मला येतो. बैल असा बसला की मालकाला मी नेहमी सारखेच सांगतो: त्याला छातीवर टेकलेला ठेवा, आडवा पडू देऊ नका, तोंड उताराला राहील अशी मान धरा म्हणजे लाळ बाहेर वाहील, आणि नजर बरगड्यांवर ठेवा. बैल केव्हा उठेल याची घाई आम्हाला नसते. श्वास चालू असला की तो आपल्या वेळेने उठतो.

हेच औषध माणसाच्या नशेच्या पुडीत मिसळले जाते, तेव्हा जवळच्या माणसांनी नेमके असेच वागायला हवे, आणि बहुतेक वेळा नेमके उलटे घडते. सगळे त्याला जागे करण्याच्या मागे लागतात आणि श्वासाकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. पुढील मार्गदर्शन शॅकवर काम करणाऱ्यांसाठी, खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी, पायलटांसाठी म्हणजे दुचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरात कोणी या व्यसनात अडकले आहे अशा कुटुंबांसाठी लिहिले आहे.

हे औषध पुडीत आले कसे

झायलाझीन १९६२ साली जर्मनीतील बायर कंपनीत रक्तदाबावरचे औषध शोधताना तयार झाले. माणसांवरील चाचण्यांत रक्तदाब धोकादायकरीत्या खाली गेला आणि गुंगी फार आली, म्हणून माणसासाठी त्याला मान्यता मिळाली नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये ते जनावरांसाठी मान्य झाले आणि तेव्हापासून घोडे, गुरे, कुत्री यांच्यासाठी जगभर वापरले जाते. आपल्याकडेही भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीपासून गुरांच्या शस्त्रक्रियेपर्यंत झायलाझीन आणि केटामाइन ही जोडी नित्याची आहे. झायलाझीन अफूच्या कुळातले नाही. ते मज्जासंस्थेतील नॉरॲड्रेनलिन या रसायनाचे काम मंदावते, त्यामुळे नाडी संथ होते, रक्तदाब उतरतो, स्नायू सैलावतात आणि गाढ गुंगी येते.

पोर्तो रिको बेटावर या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते हेरॉइनमध्ये मिसळले जाऊ लागले आणि पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ते फेंटानिल या कृत्रिम अफूवर्गीय औषधाच्या पुड्यांत सर्रास मिळू लागले. फेंटानिल हे मॉर्फिनच्या पन्नास ते शंभरपट तीव्र असले तरी त्याचा अंमल लवकर उतरतो, आणि स्वस्तात मिळणारे झायलाझीन ती गुंगी लांबवते. विकणाऱ्याचा हिशेब एवढाच असतो. अमेरिकेच्या नोंदींनुसार २०१८ मध्ये ज्या मृत्यूंत झायलाझीन आढळले त्यांची संख्या १०२ होती, ती २०२१ मध्ये ३,४६८ झाली, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणात सोबत फेंटानिल होते. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने या मिश्रणाला उभरता राष्ट्रीय धोका ठरवले. त्यानंतर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात मेडेटोमिडीन हे दुसरे, याहून तीव्र असे जनावरांचे गुंगीचे औषध पुड्यांत दिसू लागले. ब्रिटननेही जानेवारी २०२५ मध्ये झायलाझीन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले.

हे आकडे तिकडचे आहेत आणि ते गोव्याच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. परंतु केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे २.२६ कोटी माणसे अफूवर्गीय पदार्थ वापरतात. त्यांतल्या कोणालाही आपल्या पुडीत आणखी काय आहे हे माहीत नसते, आणि पुढे दिलेली कृती भेसळ कोणतीही असली तरी, किंवा नसली तरी, तीच राहते.

झोप आणि बेशुद्धी यांतला फरक ओळखणे

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातल्या एका भाड्याच्या खोलीवर मला रात्री बोलावणे आले होते. गुरांचा का होईना, पण डॉक्टर जवळ राहतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. विशी-बाविशीचा मुलगा जमिनीवर उताणा पडला होता, मित्रांनी त्याच्या तोंडावर पाणी ओतून उशी ओली केली होती, आणि "जास्त घेतली आहे, झोपू दे त्याला" असे म्हणत ते तासभर बाजूला बसले होते. मी मोबाईलचे घड्याळ लावून त्याची छाती पाहिली तेव्हा मिनिटाला चार श्वास भरले. प्रत्येक श्वासानंतर इतका वेळ जाई की पुढचा येणारच नाही असे वाटे. तो वाचला, कारण रुग्णवाहिका वेळेत पोचली आणि तोवर आम्ही त्याला श्वास देत राहिलो. त्याच्या अंगात नेमके काय होते ते मला कळले नाही, परंतु "झोपू दे त्याला" या तीन शब्दांची भीती मला तेव्हापासून वाटत आली आहे.

म्हणून पहिले काम असे करावे. माणसाला मोठ्याने हाक मारावी, खांदा हलवावा आणि प्रतिसाद नसल्यास मुठीच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासावे. झोपलेला किंवा नुसता दारू प्यालेला माणूस त्या वेदनेने हात झटकतो, कण्हतो. ज्याला तेवढेही भान नाही त्याच्या छाती-पोटाकडे दहा सेकंद नजर ठेवावी. पाच-सहा सेकंदांत एकही श्वास येत नसेल, घशातून घरघर किंवा खोल घोरण्यासारखा आवाज येत असेल, किंवा पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो तसा अधूनमधून नुसता आचका येत असेल, तर श्वास चालू आहे असे समजू नये. सावळ्या त्वचेवर निळेपणा पटकन कळत नाही, म्हणून ओठ किंचित उलटून आतली बाजू, हिरड्या आणि नखे पाहावीत. ती राखाडी किंवा जांभळट झालेली दिसतात. अफूवर्गीय पदार्थात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, परंतु अंधाऱ्या खोलीत बाहुल्या शोधत बसण्यापेक्षा श्वासावर निर्णय घेणे बरे.

१०८ ला काय सांगावे

गोव्यात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. फोन स्पीकरवर ठेवून पहिले वाक्य असे बोलावे: "माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास नीट घेत नाही." त्यानंतर वाडा, जवळचे देऊळ, चॅपेल किंवा बार अशी ठळक खूण सांगावी आणि एकाला रस्त्यावर बॅटरी घेऊन उभे करावे, कारण हरमल किंवा हणजूणच्या आतल्या पायवाटांवरून घर शोधण्यातच बहुमोल मिनिटे जातात. पोलिसांच्या भीतीने माणसाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नये. मान पुढे पडली की श्वासमार्ग बंद होतो आणि वाटेतच तो जातो. कायद्याविषयी एवढे माहीत असावे की अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ हे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील खटल्यापासून संरक्षण देते.

नालोक्झोन द्यावे की नाही

नालोक्झोन हे अफूवर्गीय पदार्थांचा अंमल उतरवणारे औषध आहे. झायलाझीनवर त्याचा परिणाम होत नाही, हे ऐकून काही जण ते देण्यातच अर्थ नाही असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष जीवघेणा आहे. नालोक्झोन झायलाझीनची गुंगी उतरवत नाही हे खरे, परंतु पुडीत हेरॉइन, फेंटानिल किंवा तसलाच पदार्थ जवळजवळ नेहमी असतो, श्वास प्रामुख्याने तोच बंद पाडतो, आणि त्यावर नालोक्झोनच उतारा आहे. झायलाझीन नसताना दिले तरी अपाय नाही, आणि पोटात अफूवर्गीय काहीच नसले तरीही अपाय नाही. म्हणून उपलब्ध असल्यास ते द्यावेच.

आपल्याकडे ते बहुतांशी इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयांत असते. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितले आहे की ज्यांच्या डोळ्यांसमोर असा प्रसंग घडण्याची शक्यता आहे त्या सामान्य लोकांच्या हातीही ते असावे. परदेशी पाहुण्यांच्या सामानात कधी नाकात मारायचा फवारा सापडतो. तो एका नाकपुडीत पूर्ण दाबावा, वेळ लिहून ठेवावी आणि दोन ते तीन मिनिटे वाट पाहावी. त्या मिनिटांतही तोंडाने श्वास देणे थांबवू नये. श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा द्यावा.

आता भेसळीमुळे बदलणारी गोष्ट. नुसत्या हेरॉइनच्या वेळी नालोक्झोन दिले की माणूस बहुधा डोळे उघडतो. झायलाझीन किंवा मेडेटोमिडीन मिसळले असेल तर श्वास परत येतो, ओठांचा रंग सुधारतो, पण माणूस तसाच निपचित पडून राहतो. भोवतीचे लोक घाबरून तिसरा, चौथा फवारा मारतात. त्याने तो जागा होत नाही. उलट अफूवर्गीय पदार्थाचा अंमल एकदम तुटून उलट्या, थरथर आणि तडफड सुरू होऊ शकते, आणि बेशुद्ध माणसाची उलटी फुप्फुसात जाणे हे नवे संकट ठरते. मिनिटाला बारा किंवा अधिक श्वास नियमित येत असतील तर काम झाले आहे असे समजून फवारा बाजूला ठेवावा आणि त्याला कुशीवर वळवावे.

श्वास देणे

नालोक्झोन हाताशी नसेल, आणि गोव्यातल्या बहुतेक घरांत ते नसतेच, तर तुमच्याजवळ जे आहे ते तुमच्याच फुप्फुसात आहे. माणसाला सपाट, कडक जागेवर उताणे निजवावे, तोंडात कवळी, अन्न किंवा उलटी दिसत असल्यास ती काढावी, एक हात कपाळावर ठेवून डोके मागे झुकवावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर उचलावी. जीभ मागे पडून बंद झालेला मार्ग एवढ्यानेच मोकळा होतो, आणि कधी कधी तेवढ्यावरच श्वास परततो. नाक चिमटीत धरून, त्याच्या तोंडावर आपले तोंड घट्ट बसवून आधी दोन श्वास द्यावेत आणि नंतर दर पाच-सहा सेकंदांनी एक. छाती वर येते का ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहावे; येत नसेल तर डोके पुन्हा नीट झुकवावे. किळस वाटणे स्वाभाविक आहे, पातळ रुमाल मधे धरावा. पुडीच्या भुकटीचा हाताला स्पर्श झाल्याने मदत करणारा बेशुद्ध पडत नाही. हात साबणपाण्याने धुतले की पुरते.

श्वास अजिबात नसेल, अंग निर्जीव वाटत असेल, किंवा हृदय चालू आहे की नाही याची खात्री नसेल, तर छातीदाब सुरू करावा: छातीच्या मधोमध तळहाताचा खालचा भाग ठेवून, कोपर ताठ ठेवून, सुमारे पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग २ श्वास. झायलाझीनने नाडी इतकी संथ आणि दुबळी होते की मनगटावर ती सापडत नाही. जनावरातही त्या अवस्थेत स्टेथोस्कोप लावूनच मला खात्री करून घ्यावी लागते, तेव्हा सामान्य माणसाने नाडी शोधण्यात वेळ घालवूच नये.

जे अजिबात करू नये

आपल्याकडे कोणी बेशुद्ध पडले की कांदा फोडून किंवा चप्पल नाकाशी धरून हुंगवतात, तोंडात लिंबू पिळतात, मिठाचे पाणी किंवा ताक पाजतात, नळाखाली धरतात, थोबाडीत मारतात, दोघांच्या खांद्यावर घालून अंगणात फिरवतात. हे करणारे प्रेमापोटीच करतात हे मला माहीत आहे, परंतु गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात घातलेला प्रत्येक घोट फुप्फुसात जाऊ शकतो, रक्तदाब उतरलेल्याला उभे केले की मेंदूकडचे रक्त आणखी घटते, आणि थंड पाण्याने आधीच थंडावलेले शरीर अधिक गार होते. जनावरांसाठी या गुंगीवर योहिम्बीन, टोलाझोलीन, अटिपामेझोल अशी उतारा-औषधे आहेत. एका प्रसंगी मला ती आणायला सांगितले गेले होते. माणसातल्या या गुंगीवर उतारा म्हणून त्यांना मान्यता नाही, आणि ती कोणत्याही परिस्थितीत टोचू नयेत.

कुशीवर ठेवून वाट पाहणे

श्वास चालू झाला की त्याचा तुमच्या बाजूचा हात काटकोनात पसरावा, पलीकडचा हात छातीवरून आणून तळहात गालाखाली ठेवावा, पलीकडचा गुडघा उभा करून त्याच्या आधाराने त्याला आपल्याकडे वळवावे आणि डोके किंचित मागे, तोंड जमिनीकडे उतरते ठेवावे. बैलाची मान मी धरायला सांगतो ती याच कारणासाठी. अंगावर कोरडी चादर घालावी, वातानुकूलन बंद करावे, ओले कपडे काढावेत.

यानंतरचा काळ फसवा असतो. नालोक्झोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, अफूवर्गीय पदार्थ त्याहून जास्त वेळ टिकू शकतो, आणि झायलाझीनची गुंगी तासन्‌तास राहते. म्हणजे सुधारलेला श्वास पुन्हा मंदावू शकतो. एकाने बाजूला बसून दर पाच मिनिटांनी श्वास मोजून कागदावर लिहावा. रुग्णवाहिकेला उशीर झाला तर अर्ध्या तासाने कूस बदलावी, कारण एकाच हातावर किंवा मांडीवर तासन्‌तास भार पडला की तिथले स्नायू चिरडून मरतात आणि त्याचा मारा मूत्रपिंडांवर होतो. तो डोळे उघडून "मी ठीक आहे, घरी जातो" म्हणाला तरी सोडू नये, आणि उठवायचेच झाले तर आधी बसवून मग हळू उभे करावे.

रुग्णवाहिका आली की तोच कागद द्यावा. त्यावर शेवटचे कधी बोलला, काय घेतले असे कळते, नालोक्झोन किती वेळा आणि केव्हा दिले, आणि "श्वास आला पण जाग आली नाही" ही नोंद असावी. हे शेवटचे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण नेहमीच्या लघवीच्या तपासणीत झायलाझीन किंवा मेडेटोमिडीन दिसत नाही. शंका व्यक्त झाली तरच नमुना विशेष प्रयोगशाळेत जातो. उरलेली पुडी चव न घेता, न सांडता सोबत द्यावी. दुर्दैवाने मृत्यू झाला तर शवविच्छेदनाच्या वेळी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, आणि रासायनिक तपासणीत कशाचा शोध घ्यावा हे ठरवताना कुटुंबाने सांगितलेली माहिती उपयोगी पडते. लाजेपोटी ती दडवू नये. अमेरिकेतही सुरुवातीची कित्येक वर्षे झायलाझीनची तपासणीच होत नसल्याने ते मृत्यू मोजलेच गेले नाहीत.

वाचल्यानंतर

झायलाझीन वारंवार अंगात जाणाऱ्यांच्या हातापायांवर खोल, काळ्या खपलीच्या जखमा होतात, आणि त्या सुई टोचलेली नाही अशा ठिकाणीही होतात. त्या साबणपाण्याने किंवा सलाइनने धुवाव्यात, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाळावे, न चिकटणारी पट्टी लावावी आणि डॉक्टरांना दाखवावे. ताप, दुर्गंधी किंवा हाड दिसणे म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. मेडेटोमिडीन अचानक बंद पडले तर काही तासांत रक्तदाब आणि नाडी भडकते, उलट्या आणि थरथर सुरू होते. सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात फिलाडेल्फियात अशा संशयित १६५ रुग्णांपैकी १५० जणांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. घरी कोंडून, "दोन दिवस तडफडेल, मग सुटेल" या समजुतीने व्यसन सोडवण्याचे दिवस यामुळे संपले आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिथे नेताना सोबतच्या माणसाने त्याला गर्दुल्ला म्हणू नये, निदान त्या दिवशी तरी; तो शब्द ऐकला की रांगेतून उठून जाणारी मुले मी पाहिली आहेत.

राहता राहिले माझ्या व्यवसायबंधूंचे काम. झायलाझीन आणि केटामाइनच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात, वापरलेला प्रत्येक मिलिलिटर जनावराच्या नोंदीसह वहीत उतरवावा, रिकाम्या आणि मुदत संपलेल्या बाटल्या गोठ्यात किंवा कचऱ्यात सोडू नयेत, आणि "बैल मारका आहे, एक बाटली घरी ठेवायला द्या" म्हणणाऱ्याला बाटली न देता बैल बघायला आपण स्वतः जावे.